जर्मनचे ब्रेक कोणी केले

तुम्ही गेलात त्याला आज एकोणीस दिवस झाले, आणि एवढ्या दिवसांत या घरात तुमच्याबद्दल एकही खरं वाक्य बोललं गेलेलं नाही. येणारा प्रत्येक माणूस चपला काढतो, तुमच्या ताईंच्या पाया पडतो, माझ्याकडे बघून मान हलवतो आणि मग थापा मारायला बसतो. राजा माणूस होते. दिलदार होते. कधी कुणाचं मन दुखावलं नाही. मी ऐकते आणि चहा ठेवायला उठते. एकतीस वर्षं तुमच्याशी संसार केल्यावर थापा ऐकताना चेहरा कसा ठेवायचा, हे मला आता वेगळं शिकावं लागत नाही.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही वाचणार नाही, पण त्यात नवीन काही नाही. माझ्या हातची किराण्याची यादीसुद्धा तुम्ही न वाचता दुकानदाराच्या हातात द्यायचात आणि वर म्हणायचात, "देख ले भाई, मॅडमने लिहिलंय, परीक्षा घेतील तुझी."

मेलात तेही सलूनच्या खुर्चीत, आरशासमोर. यापेक्षा तुम्हाला शोभेल अशी जागा मला तरी सुचली नसती. छातीत दुखतंय म्हणून डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या होत्या. तो कागद तुमच्या खिशात घडी होऊन महिनाभर फिरला. दाढी मात्र एक दिवसाआड ठरलेली. तुम्हाला घरी आणलं तेव्हा उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्या गालावर वाळलेला फेस. सलूनवाला दारात उभा होता, पुढे यायला तयार नव्हता. शेवटी वस्तरा मी घेतला. ताईंनी वाटीत कोमट पाणी आणून दिलं. डावा गाल मी केला, हनुवटीखालचे ते आडवे-तिडवे वाढणारे केसही काढले, कुठे कापलं नाही. तेव्हा तुमचा चेहरा मी इतक्या जवळून किती वर्षांनी बघते आहे, असं मनात आलं. बायकांना वाटलं मी दुःखानं गप्प आहे. मी वस्तऱ्याकडे लक्ष देत होते.

सलूनवाल्यानं तुमचा चष्मा, कंगवा आणि गाडीची चावी रुमालात बांधून दिली. चावी हातात आली तेव्हा मी दचकले. ती चावी तुम्ही माझ्या हातात कधी दिली नव्हती.

गाडी तुमच्याकडे आली तेव्हाच म्हातारी होती. एका जुन्या जिनिंगवाल्याच्या वारसांनी ती गोदामात कापसाच्या गाठींमागे उभी करून ठेवली होती. पांढरी, लांबलचक, पुढे चांदीसारखी जाळी. जर्मनीत बनलेली, म्हणून सगळं बुऱ्हानपूर तिला 'जर्मन' म्हणायचं. माझ्या माहेरी जर्मन म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं. पहिल्यांदा ऐकून मी हसले, तर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात.

रोज सकाळी पिवळ्या फडक्यानं तिला पुसायचात. आधी टप, मग काचा, मग ती जाळी, एकेक दांडी. केळीच्या मंडीत लिलाव सुरू झालेला असायचा, ट्रक भरून निघून जायचे, आणि तुम्ही अंगणात जाळी पुसत असायचात. लग्नसराईत नवरदेवाला गाडीत बसवून स्वतः चालवायचात, पांढरा सफारी घालून. नवरदेवापेक्षा तुमचे फोटो जास्त. पण बॉनेट उघडून आत काय आहे ते बघावं, असं तुम्हाला कधी वाटलं नाही. वर चकाकतंय ना, मग आतही ठीक असणार, हा तुमचा हिशेब. गाडीला तोच, माणसांना तोच, स्वतःच्या हृदयालाही तोच.

मी तीस वर्षं मुलींना भौतिकशास्त्र शिकवलं. बंद नळीतल्या द्रवावर एका टोकाला दाब दिला की तो दुसऱ्या टोकाला पोचतो, हे किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल. ब्रेक म्हणजे तेवढंच. पायाचा दाब तेलातून चाकापर्यंत जातो, तिथे कॅलिपर नावाच्या लोखंडी चिमट्यातले पिस्टन पुढे सरकतात आणि दोन पॅड फिरत्या डिस्कला दोन्हीकडून धरतात. त्यामुळे गाडी ब्रेक मारला की डावीकडे ओढायला लागली, तेव्हा मला मागच्या सीटवर बसूनही कळलं. ताईंनाही कळत असणार, पण त्या तुमच्या मोठ्या बहीण, धाकट्या भावाचं चुकतं असं त्या कधी म्हणायच्या नाहीत.

"उजव्या चाकाचा ब्रेक लागत नाहीये," मी म्हटलं होतं.

"तुला मागे बसून कळतं?"

"गाडी डावीकडे जाते. आणि चाकातून खरखर येते आहे. पॅड संपलेत, आता लोखंडावर लोखंड घासतंय."

"अगं, जर्मन आहे ती. तुझ्या शाळेतल्या प्रयोगाची ढकलगाडी नाही. आणि एक लक्षात ठेव, ज्याला चालवता येत नाही त्यालाच ब्रेक लागतो."

हे वाक्य तुम्हाला इतकं आवडलं की पुढचे आठ दिवस तुम्ही ते भेटेल त्याला ऐकवलंत. मुनाफभाईंनाही ऐकवलंत. मंडीजवळ ट्रॅक्टर आणि जुन्या जीप दुरुस्त करणारा साधा माणूस. एका लग्नात गाडीजवळ आला, चाकाशी वाकला आणि म्हणाला, "भाऊ, इसके कॅलिपर खुलवा लो, आवाज अच्छी नहीं है." तुम्ही चार लोकांसमोर हसून म्हणालात, "अब ट्रॅक्टरवाला जर्मन को हाथ लगाएगा?" तो हात पुसत निघून गेला. मला तेव्हा तुमच्या शेजारी उभं राहायची लाज वाटली होती. सांगून टाकते.

मग धूलकोटच्या लग्नाहून परत येताना व्हायचं ते झालं. ताईंना तुम्ही पुढे बसवलं होतं, मोठ्या बहिणीला मान देतो हे लोकांना दिसावं म्हणून. समोरची केळीची ट्रॉली थांबली. तुम्ही ब्रेक दाबला, गाडी थांबायच्या ऐवजी डावीकडे फिरली, रस्ता सोडला आणि कपाशीत शिरली. ताईंचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरत होतं.

तुम्ही दार उघडून उतरलात आणि आधी बंपर बघितलात.

एकतीस वर्षांत तुम्ही बरंच काही केलं असेल. पण मला विचाराल तर तुम्ही कोण होतात ते मला त्या कपाशीत कळलं. ताईंना तीन टाके पडले. घरी येईपर्यंत तुमची गोष्ट तयार होती, ट्रॉलीवाला प्यायलेला होता. दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यात तुम्ही ट्रॉलीवरच्या चार मजुरांचे प्राणही वाचवले होतेत.

पंधरा दिवसांनी तुमच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, गाडी चालवायची नाही, तीन आठवडे वरच्या खोलीत आराम. तुम्ही हिरवी पट्टी लावून पलंगावर, रेडिओ उशाशी, आणि चावी उशीखाली. चावी उशीखाली! जशी काही मी गाडी पळवून नेणार होते.

पण चाक काढायला चावी लागत नाही.

मी मुनाफभाईंच्या दुकानात गेले. आधी तुमच्या वतीनं माफी मागितली. ते गोंधळले, म्हणाले, "छोडिए बहनजी, वो तो सबको बोलते हैं." मी म्हटलं, तुम्ही घरी येऊ नका, तमाशा होईल, मला शिकवा. मग एका जुन्या जीपचा कॅलिपर समोर ठेवून त्यांनी सगळं उघडून दाखवलं, दोनदा. इंदूरहून पॅड आणि रबरी सीलचा संच मागवून दिला. जॅक, स्टँड, पाने दिले. "पिस्टन को हथौडी मत दिखाना. और रबर को पेट्रोल-मिट्टी का तेल कुछ नहीं, फूल जाएगा." मी वहीत लिहून घेतलं, विद्यार्थिनीसारखं.

अंगणातल्या फरशीवर चार दिवस काम चाललं. ताई खुर्ची टाकून बसायच्या, कपाळावर टाक्यांचा ताजा वण. मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढचं उजवं चाक उचललं, उतरवलं. पॅड बाहेर काढले तर एकावर डिस्क धरणाऱ्या मसाल्याचा कण शिल्लक नव्हता, नुसता पत्रा. डिस्कवर ओरखड्यांची वर्तुळं, पण मुनाफभाई म्हणाले होते तेवढी खोल नव्हती, चालण्यासारखी होती. ब्रेक ऑइल काढलं ते काढ्यासारखं काळं. ते स्वच्छ सोनेरी असतं, हे तुम्हाला माहीत तरी होतं का?

कॅलिपरचा एक पिस्टन सहज निघाला. दुसरा गंजून जागीच बसलेला. फडक्यात धरून फिरवून पाहिला, ताईंचे जपाचे चार फेर झाले तरी तसूभर हलला नाही. दुसऱ्या दिवशी मुनाफभाईंनी ग्रीस गन, ग्रीस दाबून भरायची पिचकारी, दिली, पुढे एक जोड लावून. ब्रेकच्या नळीच्या जागी ती लावायची आणि दाब देत राहायचं. मी दाबत राहिले. अंगठा कापला, पायरीवर बसून तो तोंडात धरला, पुन्हा दाबायला लागले. आणि तो निघाला. हळूहळू, केसभर, मग बोटभर, आणि फडक्यात टपकन पडला. ताईंनी टाळी वाजवली. त्याच वेळी वरून तुमचा आवाज आला, "चहा मिळणार आहे का आज?"

पुढचं काम नाजूक होतं आणि मला आवडलं. ग्रीसचा कणही राहू नये म्हणून सगळं स्पिरिटनं पुन्हा पुन्हा धुतलं. जुनं सील बांबूच्या विणकामाच्या सुईनं काढलं, लोखंडी टोकानं खाचेला ओरखडा पडतो म्हणून. पिस्टनवरचा गंज बारीक पॉलिश पेपरनं उतरवला. नवं सील नव्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून खाचेत बसवलं आणि पिस्टन दोन्ही अंगठ्यांनी सरळ आत दाबला. जरा तिरका झाला तर अडकतो, सरळ असला तर लोण्यात गेल्यासारखा जातो. तो गेला तेव्हा मला इतका आनंद झाला की सांगावं असं वाटलं कुणाला तरी. वर बघितलं. तुमची खिडकी अर्धी लावलेली होती. दोन्ही बाजूंचं काम केलं, एकाच बाजूचं करून चालत नाही.

शेवटी नळ्यांतली हवा काढायची. हे एकट्या माणसाचं काम नव्हे. एकानं आत बसून पॅडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी निपल नावाची तोटी सैल करून तेलाबरोबर हवा जाऊ द्यायची, मग घट्ट करायचं, तोवर पॅडल सोडायचं नाही. तेवढ्यासाठी मी वर आले होते. तुम्हाला आठवत असेल. म्हटलं, "दहा मिनिटं खाली येता का? नुसतं खुर्चीत बसल्यासारखं बसायचंय." तुम्ही कशाला ते विचारलंही नाहीत. भिंतीकडे तोंड करून म्हणालात, "डॉक्टरांनी नाही सांगितलंय."

मग सत्तरीतल्या ताई पदर खोचून स्टिअरिंगमागे बसल्या. "मले काय समजते वो त्यातलं?"

"मी दाबा म्हटलं की दाबायचं. सोडा म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही."

"आन् हलला तं?"

"तर हवा परत आत जाईल आणि आपण पुन्हा कपाशीत जाऊ."

पाय हलला नाही त्यांचा. चारही चाकं झाली. नळीतून बुडबुडे यायचे थांबले आणि ताई आतून ओरडल्या, "सुनंदा, हे आता दगडासारखं लागून राह्यलं!" तेच हवं होतं.

तुमची पट्टी निघाली, तुम्ही गाडी काढलीत. मी शेजारी बसले, जीव मुठीत धरून, कारण माझं काम रस्त्यावर तपासलेलं नव्हतं. काही दिवस हळू चालवा, एवढंच म्हटलं. चौकात तुम्ही ब्रेक दाबलात. गाडी सरळ थांबली. तुमचा पाय पॅडलवर तसाच राहिला. मग आरशात भांग बघत म्हणालात, "बघितलंस? गाडीलासुद्धा आराम मिळाला की सुधारते."

मी तीन वर्षं समजत राहिले की तुम्हाला खरंच कळलं नाही. मूर्ख समजत राहिले तुम्हाला. मूर्खावर फार काळ राग धरता येत नाही, त्यामुळे ते मला सोयीचं होतं.

तेराव्याला चौधरीसाहेब आले, तुमचे पत्त्यांतले मित्र. जेवण झालं, बायका-पुरुष बसले होते, आणि ते गहिवरून सांगायला लागले. "वहिनी, भाऊंच्या हातात काय जादू होती! डोळ्याला पट्टी, तरी जर्मनचे ब्रेक स्वतः खोलले. उजव्या चाकाचा पिस्टन गंजला होता, ग्रीस गननं बाहेर काढला. अंगठा कापला तरी थांबले नाहीत. मी विचारलं, भाऊ, मदतीला कोण होतं? तर म्हणाले, सुनंदा होती ना, पॅडल दाबायला."

मी पदर तोंडाला लावला. मला हसू आवरेना. खांदे हलत होते, तर दोन बायका उठून माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या.

लोक गेल्यावर ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "अन् मी? मी कुठं होते वो? त्यानं मले तं काढूनच टाकलं."

तेव्हा माझं हसू गेलं. कारण ग्रीस गन, अंगठा, उजवं चाक हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी नाही, ताईंनी नाही, मुनाफभाई तर तुमच्याशी बोलतही नव्हते. म्हणजे तुम्ही चार दिवस त्या अर्ध्या खिडकीतून बघत होतात. मी पायरीवर अंगठा तोंडात धरून बसले तेही बघितलंत. पिस्टन पडला तेही बघितलंत, आणि तेव्हाच तुम्हाला चहा आठवला. मूर्ख नव्हतात तुम्ही. मूर्ख असतात तर बरं झालं असतं.

न्यायानं एक गोष्ट लिहिते, नाहीतर मीही तुमच्यासारखीच गोष्टी बनवणारी ठरेन. माझी बदली खकनारला झाली होती आणि बसचा भरवसा नव्हता, तेव्हा चार महिने तुम्ही मला रोज सोडायला आणि घ्यायला आलात. एक दिवस कंटाळा केला नाहीत. शाळेच्या फाटकापाशी हॉर्न वाजवून साऱ्या मुलींना खिडकीशी गोळा करायचात, ते सोडा. पण आलात. आणि ताई विधवा होऊन परत आल्या तेव्हा त्यांना कुठली खोली द्यायची असा प्रश्नसुद्धा तुम्ही पडू दिला नाही, आपल्या दोघांची दिलीत. हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत. जे खरं केलंत ते सांगितलं नाहीत आणि जे केलं नाहीत ते गावभर सांगितलंत. कसला माणूस होतात हो तुम्ही?

काल सकाळी मी गाडी काढली. लायसन्स माझ्याकडे शाळेत शिकवत होते तेव्हापासून आहे. ताईंना शेजारी बसवलं, पट्टा लावला. मंडी ओलांडली, खकनारच्या रस्त्याला लागले. स्टिअरिंग जड आहे, पहिल्या दोन वळणांना मला घाम फुटला. दोन्ही बाजूंना केळीचे मळे, रस्ता सरळ आणि मोकळा. पुढे कोणी नाही, आरशात कोणी नाही. साठपर्यंत नेली आणि ब्रेक दाबला.

गाडी थांबली. सरळ, डावीकडे बोटभरही न जाता, आवाज न करता. जणू खालून कुणीतरी तिला दोन्ही हातांनी धरलं.

"काय झालं वो? कोन आडवं आलं?" ताईंनी विचारलं.

"कोणी नाही."

मी स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसले. नियम मला माहीत होता, सील कसं बसतं ते माहीत होतं, पण ते सगळं पायाच्या तळव्याला कसं लागतं हे मला माहीत नव्हतं. जेवढं दाबावं तेवढंच आणि लगेच उत्तर मिळतं. फार चांगलं काम झालं होतं हो. मी केलेल्या कुठल्याही कामापेक्षा चांगलं.

आणि तुम्हाला हे माहीत होतं. तीन वर्षं, मंडीला जाताना, लग्नांच्या वरातीत, प्रत्येक चौकात तुमच्या पायाला कळत होतं की हे कोणी केलंय. आणि रोज घरी येऊन तुम्ही माझ्यासमोर ताटावर बसत होतात, आणि भाजीत मीठ कमी आहे एवढंच सांगत होतात.